मान जरा खाली घ्या

११ जून

श्रीयुत खेळवाले यांस,

हे पत्र आहे, फोन नाही. फोनवर मी तोंड उघडलं की तू "ताई, ऐक ना, ऐक ना" लावतोस आणि शेवटी मीच ऐकत बसते. मागच्या वेळी मी चिडून फोन आपटला, तर तू माझा नंबरच बंद करून टाकलास. बरं झालं. कागदाला मध्येच थांबवता येत नाही. फाडायचा असेल तर फाड, पण फाडायला तरी आधी हातात घ्यावा लागेल. बस आता. तुझी बिनपाण्याने करणार आहे मी.

तुझा गेम पाहिला. 'हांजी'. वा रे वा, नाव काय शोधलंस! माझ्या लेकीने मोठ्या कौतुकाने टॅबवर लावून दिला. "आई, मामाचा गेम, सगळं कॉलेज खेळतंय!" पहिलंच चित्र उघडलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं सलून! तोच हिरवा दरवाजा, तोच कोपऱ्यात तडकलेला आरसा, तोच लाकडी बाक, ज्याच्यावर तू अभ्यासाच्या नावाखाली गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत बसायचास. आणि खुर्चीमागे पांढऱ्या डगल्यातला एक वाकलेला माणूस. नाव नाही दिलंस त्याला, मेहरबानी तुझी. पण डावा खांदा खाली ठेवून उभा राहणारा न्हावी जगात दुसरा कोण आहे ते मला दाखव.

गिऱ्हाईक येतं, खुर्चीत बसतं, मत ठोकतं. खाली दोन बटणं. 'हांजी' आणि 'छे'. हांजी दाबलं की नाणी खुळखुळतात. छे दाबलं की गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या डोक्याने उठून चालू लागतं. "श्रीमंतांना रात्री झोप येत नाही हो, सुखी आपणच." हांजी. "गरीब गरीब का राहतात? आळस, दुसरं काही नाही." हांजी. "पुढारी सगळे चोर, पण आपला त्यातल्या त्यात बरा." हांजी, हांजी. "पोरं या व्हिडिओ गेमनी वाया गेली." हांजी! इथे मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. तू स्वतःचीच टोपी उडवली होतीस. पण ते एकदाच.

मग लेकीने तुझी मुलाखत लावली. काय तो शर्ट, काय ती मागची पुस्तकं! आणि काय ते वाक्य: "माझे वडील गरीब होते, आणि गरिबाला स्वतःचं मत परवडत नाही." समोरची बाई अशी मान डोलवत होती जसं काही तू वेद सांगतोयस. उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्या माणसाने उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगवून घेतल्या, त्याला मत नव्हतं म्हणे! तुझ्या कॉम्प्युटरच्या क्लासला ते सकाळची झोप मोडून तुला सोडायला यायचे, ते काय मत नसताना?

पण हे सगळं मी गिळलं असतं. घरातला माणूस घरातल्या माणसाची अब्रू काढतो, होतं असं. मी लिहायला बसले ती टायवाल्यांसाठी.

टायवाले आठवतात ना? न आठवून कसं चालेल, गेममध्ये आहेत की ते! टाय, चपटी बॅग, गुडघ्यावर पेपर, आणि डोक्यावर दोन भोवरे. अरे, दोन भोवरे माणसाच्या डोक्यावर कोणाला दिसतात? त्याच्या आईला आणि त्याच्या न्हाव्याला! तुला ते दिसले कारण तू आमच्या बाकावर बसला होतास.

आणि नुसते भोवरे काढून थांबला नाहीस. त्यांची नोकरी गेली होती तेव्हा घरी सांगायची हिंमत झाली नाही म्हणून ते रोज टाय लावून, डबा घेऊन निघायचे आणि येऊन आपल्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसायचे. जवळजवळ वर्षभर. पुढे दुसरी नोकरी लागली, गोष्ट संपली. हे त्यांनी फक्त बाबांना सांगितलं होतं, खुर्चीत, डोळे मिटून. बाबांचा नियम तुला पाठ होता: खुर्चीतलं बोलणं केसांबरोबर झाडून टाकायचं. आईलासुद्धा नाही सांगितलं त्यांनी, आई गेली ते न ऐकताच; मलाही कळलं ते तुझ्या गेममधूनच. आणि तू ते झाडून टाकलेले केस वेचून आणलेस आणि जगासमोर मांडलेस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

टायवाल्यांचा मुलगा आता मोठा बाप्या झालाय. त्याच्याही डोक्यावर दोन भोवरे. त्याने तुझा गेम खेळला. आधी हसला असणार, मग हसायचा थांबला असणार. त्याच वर्षी टायवाल्यांनी त्याचं चित्रकलेचं खूळ मोडलं होतं. "मी दिवसभर राबतो आणि तू घरात बसून रेघोट्या ओढतोस" म्हणून त्याच्या वह्या चुलीत घातल्या होत्या. आता त्याने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, राबत होता की न्हाव्याच्या बाकावर बसला होता?"

हे मला कोणी सांगितलं? टायवाल्यांच्या बायकोने. स्वतः दुकानात आल्या, चप्पलसुद्धा न काढता बाबांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं का हे?" बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. जमिनीकडे बघत राहिले. त्या समजल्या आणि गेल्या.

तेव्हापासून टायवाले आलेले नाहीत.

तुला वाटेल, गेलं एक गिऱ्हाईक. अरे शहाण्या, ते बाबांचं शेवटचं गिऱ्हाईक होतं! बाबांचा उजवा हात थरथरतो हे मी तुला सांगितलं होतं, तू "डॉक्टरला दाखवा" असं म्हणून मोकळा झालास. डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, थरथरणार. दुकान आता मी चालवते. बाबा बाकावर बसतात. थरथरत्या हाताखाली कोण मान देईल? एकटे टायवाले द्यायचे. दर महिन्याला येणार, माझी खुर्ची मोकळी असली तरी म्हणणार, "नाही, मालकांकडूनच." बाबा डगला घालायचे, कात्री उचलायचे, अर्धा अर्धा तास लावायचे. नंतर मी मानेवरचे केस झटकायच्या निमित्ताने कानामागची बाजू सारखी करून द्यायचे. टायवाल्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं, बाबांनाही असणार. कोणी काही बोलायचं नाही.

आता महिना उलटून गेला. बाबा रोज सकाळी कात्रीला तेल लावतात आणि परत ठेवून देतात.

तर ऐक. तो टायवाला गेममधून काढ. मला कारणं नकोत. काढ.

ताई

२ जुलै

लाडक्या बंधुराज,

तुझं उत्तर लेकीच्या फोनवर आलं. बहिणीला पत्र लिहायला हात झिजतात, भाचीला आवाज पाठवायला झिजत नाहीत. तिने मला ऐकवलं आणि स्वतः खोलीबाहेर गेली, एवढी तरी अक्कल आहे तिला.

म्हणे, "ताई, ते पात्र आहे, माणूस नाही." म्हणे, "कोणालाच कळणार नाही." ज्याला कळायला नको होतं नेमकं त्यालाच कळलं, आणखी कोणाला कळायला हवंय? म्हणे, "त्या पात्रावर लोक सगळ्यात जास्त जीव टाकतात, ते काढलं तर गेमचा आत्मा जाईल." गेमचा आत्मा! आणि इथे जिवंत माणूस घरात तोंड लपवून बसलाय, त्याच्या आत्म्याचं काय? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हाच तुझा धंदा.

आणि शेवटी काय, तर "बाबांसाठी नवी खुर्ची पाठवतो, बटण दाबलं की वरखाली होणारी." ती खुर्ची तिथेच ठेव आणि स्वतः वरखाली होत बस! पैसा आला की माणसाला वाटतं सगळ्या दुखण्यावर काहीतरी विकत मिळतं. दोनगाड्या असाच आहे. आठवतो ना, एका माणसाला दोन गाड्या आणि गाडी चालवायला येत नाही तो? त्यानेही आई गेली तेव्हा फळांची टोपली पाठवली होती, स्वतः मात्र आला नव्हता. तेव्हा तू त्याला किती शिव्या घातल्यास. आता तूच टोपल्या पाठव.

मी बाबांना घेऊन टायवाल्यांच्या घरी गेले होते. बाबांनीच काढलं, "ते येत नाहीत तर आपण जाऊ." जुनी चामड्याची पिशवी शोधून काढली, त्यात कंगवा, कात्री, स्वच्छ धुतलेला कपडा. तीन मजले चढताना दर मजल्यावर थांबले. मी पिशवी मागितली तर दिली नाही. दार बाईंनी उघडलं, साखळी लावूनच. म्हणाल्या, "ते कोणाला भेटत नाहीत." बाबा म्हणाले, "बोलायला नाही आलो. केस वाढले असतील." बाईंनी मागे वळून पाहिलं. आतून पेपर दुमडल्याचा आवाज आला, एवढ्या जवळ होते ते. मग दार लागलं.

उतरताना बाबा एकदाही थांबले नाहीत. घरी आल्यावर नातीला म्हणाले, "आण गं तो खेळ. बघू त्यात काय आहे एवढं."

मी नको नको म्हणत होते. ऐकतात कुठे! चष्मा लावला, टॅब मांडीवर घेतला. पहिलं गिऱ्हाईक आलं: "गरीब म्हणजे आळशी." खाली दोन बटणं. बाबा बघत राहिले. नातीने सांगितलं, "आजोबा, यातलं एक दाबायचं." बाबांनी विचारलं, "आणि हात कुठाय?" ती म्हणाली, "कसला हात?" बाबा म्हणाले, "याचा. न्हाव्याचा." तिला कळेना. गिऱ्हाईक वाट बघून उठून गेलं, दुसरं आलं, तेही गेलं. बाबांनी एकही बटण दाबलं नाही. पडद्यावर 'दुकान बंद पडलं' असं आलं तेव्हा टॅब खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे त्याला असं वाटत होतं."

एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर मी हे लिहिलं नसतं.

आता कान उघड आणि नीट ऐक. दहा-बारा वर्षं त्या बाकावर बसलास आणि तुला काय दिसलं? तोंडं! बोलणारी तोंडं आणि बाबांचं "हां, हां". एवढ्यावर तू गेम बनवलास, घर घेतलंस, मुलाखती दिल्यास. कधी बाबांच्या हाताकडे बघितलंस का रे?

पुढारी निवडणुकीच्या आधी केस काळे करायला यायचा. एकदा खुर्चीत बसून सुरू झाला, नाल्यामागची ती झोपड्यांची ओळ एका रात्रीत उचलून फेकली पाहिजे, ती माणसं नाहीत, घाण आहे. बाबा "हां" म्हणाले आणि त्याच्या डोक्यावर तळवा ठेवून म्हणाले, "मान जरा खाली घ्या." हनुवटी छातीला टेकली की माणसाला बोलता येत नाही. करून बघ! आत्ता करून बघ, वाचायचं थांबव. आलं का बोलता? पुढाऱ्याची मान बाबांनी एवढा वेळ खाली धरली की मागे कापायला केस उरले नाहीत, तरी नुसती कात्री वाजवत होते. मान वर घेतली तोपर्यंत तो काय बोलत होता तेच विसरला होता. दोनगाड्याला गरम टॉवेल. "गरिबांना सवय लावली फुकटाची" म्हणाला की टॉवेल तोंडावर, आणि वर बाबांचा हात. टायवाल्यांना मात्र मान कधी खाली घ्यायला लावली नाही, ते बोलत असले की बाबा पुढचे केस कापत बसायचे.

मला हे कसं माहीत? मी कात्री हातात घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक जण आरशात बघून म्हणाला, "बाईच्या हाताखाली बसायची वेळ आली, आता काय राहिलं?" माझी कात्री थांबली. बाकावरून बाबा सहज म्हणाले, "अगं, मान खाली घे त्यांची." तेव्हा मला सगळी वर्षं एकदम कळली. तेव्हापासून माझ्या दुकानात कोणी फार बोलला की त्याचं डोकं खाली जातं. कोणाला कळत नाही. माझी कात्री चालू, त्यांचं तोंड बंद.

हेच त्यांचं मत होतं, गाढवा! हातात होतं. तोंडाने सांगून ते दुकान चालवू शकले नसते, आणि दुकान चाललं नसतं तर तुझा क्लास चालला नसता.

आणि तू घर सोडलंस त्या दिवसाचंही सांगते, झालंच आहे तर. दोनगाड्या काहीतरी बरळला, तू बाकावरून उठून त्याच्यावर ओरडलास. बाबा तुला म्हणाले, "बाहेर हो." तू तेव्हापासून तेच उगाळतोयस, बापाने श्रीमंताची बाजू घेतली, बापाला कणा नाही. अरे, त्याच्या गळ्यावर वस्तरा होता! तू ओरडलास आणि तो दचकला. बाबांनी वस्तरा उचलला आणि तुला बाहेर काढलं, दुसरं काय करणार होते? तुझ्याशी चर्चा?

जाऊ दे. टायवाला काढ. तेवढंच मागते.

ताई

२९ जुलै

काढलास असं लेकीने सांगितलं. बाबांना मी काही बोलले नाही. थँक्यू वगैरे म्हणणार नाही. चोराने भांडं परत आणून दिलं म्हणून त्याचा सत्कार करत नाहीत.

टायवाल्यांच्या घरी उद्या परत जातोय.

ताई

१८ ऑगस्ट

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण राग कुठे ठेवू? घरात बाबा आहेत, दुकानात गिऱ्हाइकं आहेत.

आधी टायवाल्यांचं. या वेळी साखळी नव्हती, दार स्वतः त्यांनीच उघडलं. टाय नव्हता, घरातला सदरा. आणि केस कापलेले. मुलाने मशीन आणलंय म्हणे, घरीच कापतो. मागची बाजू अशी वरखाली झालेली की माझ्या हाताला खाज सुटली. ते हसून म्हणाले, "मालक, आता पोरगाच कापतो. कापताना आम्ही दोघं काही बोलत नाही, पण कापतो." बाबा म्हणाले, "बरं आहे की. चांगलं आहे." पिशवी उघडलीच नाही. दोघं थोडा वेळ पेपरातलं बोलत बसले. निघताना टायवाले म्हणाले, "येईन कधीतरी बसायला." केस कापायला येईन असं म्हणाले नाहीत.

बापलेकाचं काहीतरी सुरू झालं हे चांगलं झालं, मला कळतं. तुझ्या कृपेने नाही झालेलं, हे तूही समज. पण खुर्ची रिकामी ती रिकामीच. बाबांनी कात्रीला तेल लावायचं बंद केलंय.

आता तुझं.

काल एक पोरगा दुकानात आला, कानात बाळी, तोंडाचा पट्टा चालू. बायकांना नोकऱ्या दिल्या म्हणून पुरुषांना मिळत नाहीत, असं काहीसं तत्त्वज्ञान. मी नेहमीप्रमाणे तळवा ठेवला, "मान जरा खाली घ्या." तर तो आरशात बघून खदाखदा हसला! "काय ताई, गप्प बसवताय का? तिसरं बटण दाबलंत वाटतं!" बाकावर बसलेले दोघंही हसले. एकाने मोबाईल काढून मला दाखवला.

'हांजी', 'छे' आणि तिसरं: 'मान खाली'.

मोबाईल मी त्याच्या हातातून ओढून घेतला.

मी तुला ते पत्रात लिहिलं होतं! रागात लिहिलं होतं, बापाची बाजू मांडायला लिहिलं होतं. तू ते उचललंस, रंग दिलास आणि विकायला ठेवलंस! पडद्यावर आता न्हावी तळवा ठेवतो, डोकं खाली जातं, गिऱ्हाइकाच्या तोंडातून नुसते ठिपके येतात. लोक म्हणे वेडे झालेत. 'काय सखोल विचार!' 'काय ते मौनाचं राजकारण!' लेकीने वाचून दाखवलं. मौनाचं राजकारण! माझ्या हातात आयुष्यात एकच हत्यार होतं, तेही कोणाला दिसत नव्हतं म्हणून चालत होतं. ते तू गावभर करून टाकलंस. आता मी कोणाची मान खाली घेऊ? पुढारी येऊ दे नाहीतर दोनगाड्या, तळवा ठेवला की तेही हसणार. उद्या गरम टॉवेलचंही बटण येईल, लिहिलंय की मी तेही!

चूक माझीच. हात दाखवून अवलक्षण. तुझ्याशी बोलणं म्हणजे भर चौकात बोलणं, हे कळायला मला एवढं वय व्हावं लागलं. यापुढे तुला एक अक्षर कळवणार नाही. बाबा आजारी पडले तरी नाही. लिहून ठेव.

ताई

५ सप्टेंबर

कळवणार नव्हते. पण झालंय असं की कळवल्याशिवाय माझं डोकं फुटेल.

मागच्या सोमवारी दुकान बंद होतं. दुपारी मी भाजी घेऊन घरी आले तर बाबा पलंगावर बसलेले, मांडीवर टॅब, शेजारी नात. मला वाटलं, संपलं. बघितलं त्यांनी. आता म्हणतील, माझ्या हाताचाही बाजार मांडला.

बाबा हसत होते.

आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. बोट थरथरत होतं, बटण दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं. पडद्यावर तळवा डोक्यावर गेला, मान खाली, ठिपके. बाबा म्हणाले, "अरे, हळू! एवढा जोर नाही लावायचा!" आणि परत दाबलं. गिऱ्हाईक बदललं, परत दाबलं. नात म्हणाली, "आजोबा, याने नाणी मिळत नाहीत." ते म्हणाले, "कुठे मिळायची?"

मग मी दिसले त्यांना. म्हणाले, "बघ गं. बघितलं होतं पोराने."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"मला वाटायचं, त्याला नुसती तोंडंच दिसली. तो निघून गेला ना, तेव्हापासून हेच डोक्यात होतं, की एवढी वर्षं समोर बसून पोराने आपल्याला बघितलंच नाही. आता बघ. हात बघितला होता त्याने. तेव्हा लहान होता, कळला नसेल. आता कळला बघ त्याचा त्याला." आणि मग एकदम माझ्याकडे बघून विचारलं, "तू तर नाही ना सांगितलंस त्याला?"

पन्नाशीला आलेली बाई मी. बाबांशी खोटं बोललेलं मला आठवत नाही. शाळेत काच फोडली होती ती पण सांगितली होती. मी म्हणाले, "छे, बाबा. मी कशाला सांगू?"

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले, आणि परत बटण दाबलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले. रागाने रडले. तुझ्यावर राग, माझ्यावर राग, त्या टॅबवर राग. तू माझ्या पत्रातून उचललंस आणि श्रेय तुला मिळालं, तेही जगाकडून नाही, बापाकडून! आणि ते मला हिसकावूनही घेता येत नाही, कारण ते हिसकावलं तर त्यांच्या हातात काय उरेल? तो हात बघणारी मी होते. दुकान उघडणारी मी, कानामागचं सारखं करणारी मी, ते तीन मजले दोनदा चढणारी मी. आणि 'पोराने बघितलं होतं' म्हणून तोंडभर हसू, ते तुझ्यासाठी!

तेव्हापासून रोज गिऱ्हाइकांना सांगतायत. "माझ्या मुलाने केलाय हा खेळ. लहानपणापासून बारीक नजर त्याची." बाळीवाला पोरगा परवा आला होता, त्यालाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही म्हणजे तेच का?" आणि बाबांकडून केस कापून घ्यायला बसला! मी घाबरले. बाबांनी डगला घातला. हात एवढा थरथरला की कात्री कानाला लागली, रक्त आलं. पोरगा "काही नाही, काही नाही" म्हणाला, पण परत येणार नाही. बाबांनी डगला काढून घडी घातली आणि खुंटीऐवजी कपाटात ठेवला.

म्हणून लिहितेय. विनंती नाही, बजावतेय. तू ये.

खुर्ची पाठवू नकोस, स्वतः ये. लोकांची डोकी पुष्कळ वापरलीस, आता तुझं स्वतःचं घेऊन ये आणि बाबांच्या हाताखाली दे. केस वाढवून ये, म्हणजे त्यांना वेळ लागेल. कान कापला तर कापला. एकाने घाबरून जाणं पुरे, तू हलायचं नाहीस. तुझं भाषण, तुझी मतं, गरीब-श्रीमंत, समाज, सगळं दाराबाहेर काढून ठेव, चपलांशेजारी. कानामागचं मी सारखं करून देईन. तेवढं माझ्या हाताला येतं.

आणि एक आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणू नकोस ताईने सांगितलं नाही. तुझ्या गळ्याशी कपडा बांधला की बाबा विचारणार आहेत. रोज मला म्हणतात, तो आला की विचारीन. विचारणार आहेत, "कधी बघितलंस रे तू माझा हात?"

आरशात तुझं तोंड त्यांना दिसत असेल. तेव्हा तिसरं बटण नसेल, ते खुर्चीमागे उभं राहणाऱ्याचं असतं. बसलेल्याला दोनच असतात. त्यातलं कुठलं दाबायचं ते तू बघ. मी माझं दाबून बसलेय.

ताई